लेपाआधी तपास

जुन्या वस्तूचं नुकसान दोन प्रकारची माणसं करतात. तिची फिकीर नसलेली, आणि तिच्यावर फार जीव असलेली. पहिल्यांसाठी कायदा आहे, दंड आहे, निळ्या पाट्या आहेत. दुसऱ्यांना कोण अडवणार? त्यांच्या हातात पहार नसते. ऑइलपेंटचा डबा असतो, तारेचा ब्रश असतो, पंचामृताचं भांडं असतं आणि मनात निखळ सेवाभाव असतो. अजिंठ्याच्या चित्रांपासून गावच्या मारुतीपर्यंत आपल्याकडे जे बिघडलं, त्यातलं पुष्कळसं प्रेमानं बिघडलं.

या दोघांखेरीज एक तिसरा माणूस असतो. त्याच्याबद्दल आपण फारसं ऐकलेलं नसतं. चित्रं, मूर्ती, नाणी, खापरं, गिलावा, जळके धान्याचे दाणे हे सगळं कशाचं बनलं, कधी बनलं आणि आता कशामुळे झिजतं आहे, याचा शोध घेण्यात तो नोकरीची सगळी वर्षं घालवतो. शिक्षणानं तो रसायनशास्त्राचा, वनस्पतिशास्त्राचा किंवा भूशास्त्राचा. काम मात्र इतिहासाचं. इतिहासकार त्याला तंत्रज्ञ समजतात, रसायनशास्त्रज्ञांना तो वाट चुकलेला वाटतो आणि भाविकांना देवाला हात लावणारा परका. माझं म्हणणं असं की वारसा जपण्याच्या कामात पहिला शब्द याचा असायला हवा. जुनी वस्तू जपायची म्हणजे तिच्यातला पुरावा जपायचा, आणि पुरावा नेमका कुठे दडला आहे हे त्यानं सांगेपर्यंत बाकीच्यांना कळत नाही. आपण मात्र त्याला सगळ्यांत शेवटी बोलावतो, काहीतरी सोलून निघायला लागल्यावर.

हे मी जवळा बाजारच्या निमित्तानं मांडतो आहे, त्याला कारण आहे. परभणी-हिंगोली रस्त्यावरचं हे मोंढ्याचं गाव औंढा नागनाथ तालुक्यात येतं. हळद आणि सोयाबीनच्या भावाची चर्चा इथे जितक्या पोटतिडकीनं होते तितकी पुरातत्त्वाची होत नाही, आणि ते साहजिक आहे. पण याच तालुक्यात नागनाथाचं देऊळ आहे: खाली यादवकाळातलं कोरीव काळं दगडकाम, वर नंतरच्या काळात उभारलेलं पांढरं शिखर. दोन काळ, दोन साहित्यं, एकाच वास्तूत. आणि याच तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांच्या टकरीचा पुरावा टिपण्याची तयारी जिथे चालू आहे, तिथे हाताशी असलेल्या दगडाचा, चुन्याचा, मातीचा पुरावा वाचून घ्यायचा तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणं गाठावं लागतं.

हाताशी म्हणजे किती हाताशी? मराठवाड्याच्या जुन्या गावांत माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं अजून शिल्लक आहेत. माळवदावर टाकायला पांढरी माती लागते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या गावाजवळच्या पांढरीतून किंवा पडक्या गढीतून आणली गेली. ही पांढरी निसर्गानं घडवलेली नाही. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली, घरं उठली आणि पडली, चुलीतली राख, शेण, हाडं, खापरं साठत गेली आणि काळ्या रानात फिकट रंगाचं टेकाड तयार झालं. या मातीत कस असतो म्हणून शेतकऱ्यांनी ती खतासारखीही वापरली. गाड्या भरून पांढरी शेतात गेली, आणि प्रत्येक गाडीबरोबर कुणाच्या तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या घराचा कोपरा रानभर पसरला. त्यात कोणाचाही गुन्हा नाही. गरजेची माती जवळ होती, ती नेली. पण त्याच मातीतलं फॉस्फेट मोजलं तर गोठा कुठे होता आणि राहतं घर कुठे होतं याचा अंदाज बांधता येतो. जळून कोळसा झालेल्या दाण्यावरून पीक ओळखता येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकळिया यांनी रसायन, वनस्पती, प्राणी आणि भूशास्त्राच्या अभ्यासकांना उत्खननात बरोबरीनं उभं केलं ते याचसाठी. १९६८ ते १९८३ या काळात चाललेल्या इनामगावच्या उत्खननातून घोड नदीकाठचे ताम्रपाषाणयुगातले शेतकरी जव पिकवत होते, पाण्यासाठी पाट काढत होते, हे समोर आलं. तिथे राजाचं नाव सापडलं नाही, शिलालेख सापडला नाही. माती आणि दाणे तपासणाऱ्यांनीच तो इतिहास लिहिला.

मराठवाड्याला या विद्येची ओळख इनामगावच्या फार आधी झाली, तीही महागात पडून. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोचला आणि त्यानंतर कौतुकाचा लोंढा सुरू झाला. रॉबर्ट गिलनं १८४४ पासून चित्रांच्या प्रती केल्या. जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. रंग नीट दिसावेत म्हणून भिंतीवरच्या चित्रांना वॉर्निश लावण्यात आलं. पुढे निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खातं स्थापन झालं, गुलाम याजदानी त्याचे प्रमुख झाले, आणि १९२० ते १९२२ दरम्यान लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ खास बोलावण्यात आले. तेव्हा जवळा बाजारही त्याच निजामी मुलखात होतं, म्हणून हा इतिहास आपल्या घरचाच आहे. चेक्कोनींनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा धरून ठेवला. हे काम मोलाचं होतं. ते झालं नसतं तर काही चित्रं आज जमिनीवर चुरा होऊन पडली असती. पण रंग पक्के करण्यासाठी त्यांनी लाखेचा, म्हणजे शेलॅकचा लेप दिला. तो वर्षागणिक पिवळा, मग तपकिरी होत गेला. धूर, धूळ आणि वटवाघळांची घाण त्यावर बसली, आणि पाहणाऱ्यांना वाटायला लागलं की अजिंठ्याचा चित्रकार मुळात अंधाऱ्या रंगांचाच भोक्ता होता.

ही गोष्ट सांगताना परदेशी माणसाच्या माथी खापर फोडून मोकळं होणं सोपं आहे. पण स्वातंत्र्यानंतर आपल्याच खात्यानं संरक्षणासाठी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम राळेचे थर दिले, आणि पुढच्या पिढीतल्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. प्रत्येक पिढीनं आपल्याकडचं उत्तमातलं उत्तम वापरलं. चूक पदार्थाच्या निवडीत होती, त्याहून जास्त ती क्रमात होती. भिंतीवर नेमकं काय आहे याचा पुरता छडा लागण्याआधी तिच्यावर काहीतरी लावलं गेलं.

तो छडा लावण्याचं काम एका दाक्षिणात्य रसायनशास्त्रज्ञाकडे गेलं. पण त्याआधी थोडी मागची वंशावळ. बर्लिनच्या राजसंग्रहालयात १८८८ साली फ्रीडरिश राथगेन यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सुरू झाली. संग्रहालयानं स्वतःचा रसायनशास्त्रज्ञ ठेवण्याची ही सुरुवात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्ला यांना पहिले पुरातत्त्वीय रसायनशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. कलकत्त्याच्या संग्रहालयात सुरू झालेली त्यांची शाखा काही वर्षांतच डेहराडूनला गेली. मोहेंजोदडो आणि हडप्पाच्या तांब्या-काशाचे, मातीचे, चुन्याचे नमुने त्यांच्या टेबलावरून गेले. सिंधू संस्कृतीचा शोध म्हटला की आपल्याला जॉन मार्शल आठवतात, राखालदास बॅनर्जी आठवतात. त्या लोकांना तांब्यात कथील मिसळायचं ठाऊक होतं हे आकड्यांनिशी सांगणारे सनाउल्ला कुणाला आठवत नाहीत. या पेशाचं नशीबच तसं आहे: शोधाचं श्रेय खणणाऱ्याला, आणि शोधाचा अर्थ सांगणारा परिशिष्टात.

एस. परमशिवन हे मद्रासच्या शासकीय संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ. १९३० च्या दशकात त्यांनी दक्षिणेतली भित्तिचित्रं एकामागून एक तपासली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात नायककालीन चित्रांखाली झाकली गेलेली चोळकालीन चित्रं १९३१ मध्ये उजेडात आली होती. अजिंठ्याची तर जगभर ख्याती झालेली होती. युरोपातून आलेले जाणकार अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हणत. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंगाचा कण त्याच्या स्फटिकांत अडकून बसतो. परमशिवन यांनी सुटलेल्या कपच्यांचे छेद घेतले, थर मोजले, बंधक शोधला. तंजावरची चोळ चित्रं खरोखरच चुन्यावरच्या फ्रेस्को पद्धतीची निघाली. अजिंठ्याची नव्हती. तिथे खडकावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर सरसासारख्या बंधकात कालवून दिलेला रंग, असा प्रकार होता.

सामान्य वाचकाला हा फरक किरकोळ वाटेल. पण सगळं पुढचं धोरण त्यावर उभं आहे. चुन्यात अडकलेला रंग ओल्या बोळ्यानं जपून पुसता येतो. सरसात बांधलेला रंग पाणी लागताच फुगतो आणि सुटतो, आणि खालची माती पाणी पिऊन ढासळते. एकाच दक्षिणेतली, एकाच भक्तिभावानं काढलेली दोन चित्रं. एकाला चालेल ती सेवा दुसऱ्याचा जीव घेईल. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. रसिकाची नजर, भाविकाची श्रद्धा किंवा इतिहासकाराचं वाचन, यांपैकी कशानंच हा फरक कळला नसता.

शिवाय या तपासणीनं अजिंठ्याच्या चित्रकाराचा बाजारहाटही उघडा केला. तांबडा आणि पिवळा हे गेरूचे प्रकार, काळा काजळीचा. हिरवा रंग एका हिरव्या खनिजमातीचा. तशी खनिजं दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत मिळतात, म्हणजे चित्राचा रंग आणि चित्राखालचा डोंगर एकाच कुळातले असू शकतात. पण पाचव्या शतकातल्या लेण्यांत चमकणारा निळा हा लाजवर्दाचा, आणि लाजवर्दाची जुनी खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानात. नवव्या-दहाव्या लेण्यातल्या सर्वांत जुन्या, ख्रिस्तपूर्व काळातल्या चित्रांत हा निळा नाही. वाकाटकांच्या काळात वाघूर नदीच्या खोऱ्यात बदख्शानचा दगड पोचत होता, ही माहिती कोणत्याही ताम्रपटानं दिलेली नाही. ती निळ्या रंगाच्या टाचणीच्या टोकाएवढ्या कणानं दिली.

त्याच परंपरेतलं अलीकडचं उदाहरण वेरूळचं आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ मॅनेजर सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वेरूळच्या बाराव्या लेण्यातल्या गिलाव्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. ओळख पटवण्यासाठी त्यांनी जालना परिसरातून ताजी भांग आणून तिच्या तंतूंशी ते ताडून पाहिले. गिलाव्यात भांगेचं प्रमाण सुमारे दहा टक्के असावं असा त्यांचा अंदाज. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही; तिथे किड्यांनी चित्रं पोखरली, वेरूळला तसा त्रास दिसत नाही. हा संबंध त्यांनी मांडला. वर्तमानपत्रांनी भांग हा शब्द पकडून चटकदार मथळे दिले. खरी बातमी वेगळी होती. उद्या वेरूळचा निखळलेला गिलावा दुरुस्त करायचा झाला तर काय मिसळायचं हे आता ठाऊक आहे, आणि ते ज्ञान मराठवाड्याच्या एका विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मदतीनं मिळालं. मातीत काय कालवलं की ती तडकत नाही, हे ज्या गवंड्याला हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं त्याचं नाव गेलं. त्याचं कौशल्य गिलाव्यात राहिलं. शास्त्रज्ञानं ते वाचलं. म्हणून ही विद्या कारागिराची प्रतिस्पर्धी आहे असं मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या कारागिरांनी काहीच लिहून ठेवलं नाही, त्यांची साक्ष नोंदवून घेणारी ती एकमेव विद्या आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. यंत्रानं आकडा दिला म्हणजे प्रश्न मिटला, अशी अरेरावी या शास्त्रातही शिरू शकते. मान्य. त्यासाठी दायमाबादचं उदाहरण कायम डोळ्यांपुढे ठेवावं. प्रवरेकाठच्या या गावात १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचं मूळ खणताना चार धातुशिल्पं सापडली: दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. म. के. ढवळीकर यांच्या मते ती उत्तर हडप्पा काळातली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या घटकांकडे बोट दाखवलं: आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही, तेव्हा ही शिल्पं बरीच नंतरची असावीत. अग्रवाल हे साधेसुधे टीकाकार नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किरणोत्सर्गी कार्बनवरून कालमापन करणाऱ्या पहिल्या फळीत ते होते. महाराष्ट्रातल्या कितीतरी ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या तारखा त्या प्रयोगशाळेतून आल्या. पण तांब्याला कार्बनची कसोटी लागत नाही. शिल्पं थरातून, बाजूच्या कोळशासकट, खापरांसकट निघाली असती तर वाद कदाचित उभाच राहिला नसता. एस. ए. साळी यांनी नंतर तिथे रीतसर उत्खनन केलं, पण शिल्पांभोवतीची मूळ माती तोवर हलली होती. वाद पुरता मिटलेला नाही.

दायमाबादवरून काही जण असा निष्कर्ष काढतात की शास्त्रज्ञांचंही एकमत होत नाही, मग त्यांचं कशाला ऐकायचं. मला उलट वाटतं. तज्ज्ञांचं मत आणि त्यामागची आकडेवारी दोन्ही छापलेली असल्यामुळे पन्नास वर्षांनंतरही कुणीही त्यांच्याशी भांडू शकतो. शाहिरानं किंवा पुजाऱ्यानं सांगितलेल्या काळाशी असं भांडता येत नाही. आणि दुसरं, हरवलेला संदर्भ जगातलं कोणतंही यंत्र परत देऊ शकत नाही. पांढरीची माती गाडीत भरताना, देवळाचा दगड घासताना, जुना गिलावा खरवडताना आपण नेमका तो संदर्भ पुसतो.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. मूर्ती ही संग्रहालयातली वस्तू नाही. तिला स्नान आहे, नैवेद्य आहे, निद्रा आहे. तिच्याकडे नमुना म्हणून पाहणारा माणूस भाविकाला खुपला तर त्यात नवल नाही. पंढरपूरच्या विठ्ठल-रखुमाईच्या मूर्तींवर २०२० च्या जूनमध्ये, त्र्यंबकेश्वरच्या पिंडीवर २०२३ च्या जानेवारीत आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये संवर्धनाची प्रक्रिया झाली. प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारले गेले: देवाला रसायन लावायचं का, आणि ते धर्मशास्त्राला मान्य आहे का. तिसरा, सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न क्वचितच विचारला गेला: मूर्तीचा दगड कोणता, त्यावर आधीचे थर कोणते, आणि झीज नेमकी कशानं होते आहे?

परंपरेचा आधार घ्यायचाच असेल तर तोही तपासाच्या बाजूनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुलं अशी द्रव्यं एक द्रोण पाण्यात उकळून पाणी एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचं, मग त्यात राळेसारखी द्रव्यं मिसळायची. द्रव्य, प्रमाण आणि उकळण्याची मर्यादा, सगळं मोजून सांगितलेलं आहे. ज्याला आपण आज वज्रलेप म्हणतो तो बहुतेक वेळा इपॉक्सी किंवा सिलिकेटचा असतो. काही बाबतीत तो योग्यही असेल. पण दगडाच्या आत ओल असेल आणि वर श्वास कोंडणारा थर बसला, तर ओलीबरोबर आलेले क्षार त्या थरामागे स्फटिक धरतात आणि वरचा पापुद्रा मूळ दगडासकट सुटतो. दह्यातलं आम्ल काळ्या दगडाच्या छिद्रांतला कॅल्साइट विरघळवतं. मध-साखरेवर बुरशी पोसते. हे सांगणारा माणूस अभिषेकाच्या विरोधात नसतो. उत्सवमूर्ती पुढे करून मूळ मूर्तीला आराम द्यायची सोय आपल्याच रूढीत आहे. तिचा उपयोग कधी करायचा हे ठरवायला झिजेचे आकडे लागतात.

शेंदराचंही तसंच. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून चढवलेल्या शेंदराचं कवच बनतं आणि आतली मूर्ती दिसेनाशी होते. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढल्यावर देवीचं मूळ रूप समोर आलं आणि लोक हरखून गेले. हर्ष योग्यच. पण कवचसुद्धा कचरा नसतो. शेंदूर शिशाचा आणि हिंगूळ पाऱ्याचा. कोणत्या थरात काय आहे, कोणतं तेल आहे, काजळी किती आहे, यावरून त्या देवस्थानाच्या यात्रेचा, दानाचा, बाजारपेठेचा इतिहास लिहिता येईल. गावोगावी मारुतीचं, म्हसोबाचं कवच गळून पडतं तेव्हा ते भक्तिभावानं नदीत सोडलं जातं. सोडावं जरूर. बोटभर तुकडा थरांच्या क्रमासकट, तारीख घालून डबीत ठेवला तर देवाचा कोप होणार नाही.

राहिला पैशाचा आक्षेप. ज्या जिल्ह्यात पाण्याची आणि पीकविम्याची ओरड आहे तिथे चित्रांचे छेद कसले घेता, असं कुणी विचारलं तर त्याला उडवून लावू नये. पण हिशेब मांडावा. देवळांच्या जीर्णोद्धारावर, सुशोभीकरणावर, फरशा आणि कमानींवर आज सरकारचा आणि देणगीदारांचा पैसा खर्च होतोच आहे. प्रश्न नव्या पैशाचा नाही, क्रमाचा आहे. त्याच खर्चातला अगदी लहान भाग आधीच्या नोंदीवर आणि तपासणीवर राखून ठेवला तर पुढची दुरुस्ती टळते. ऑइलपेंट काढायला तो लावण्याच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि वाळूचा मारा करून चकचकीत केलेल्या दगडावरची छिन्नीची खूण तर कोणत्याच पैशानं परत येत नाही.

माणसांचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. नांदेड, परभणी, संभाजीनगर इथे दरवर्षी रसायन, वनस्पती आणि भूशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात आणि औषध कंपन्यांच्या नाही तर स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभे राहतात. कुंकू हळदीतून तयार होतं, चुना लागला की हळद लाल होते, हे या हळदीच्या पट्ट्यातलं पोरगं शाळेत जाण्याआधी शिकतं. अल्क ओळखण्याची हीच कसोटी पुढे त्याला प्रयोगशाळेत हळदीच्या कागदावर भेटते. द्रव्यांचं हे घरगुती भान असलेल्या मुलांना लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेपर्यंत किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रापर्यंत जायची वाट कुणी दाखवत नाही. लखनौची संस्था १९७६ पासून काम करते आहे. विद्यापीठांनी पदव्युत्तर प्रकल्पांसाठी जिल्ह्यातलं एखादी पडकी बारव, एखाद्या गढीचा गिलावा, एखादा सुटलेला चुन्याचा तुकडा अभ्यासाला दिला, आणि अहवाल मराठीत गावाच्या हाती ठेवला, तर या विद्येचा पहिला दवाखाना तिथेच उघडेल. यासाठी फार महागडी यंत्रं लागत नाहीत. सुरुवातीला सूक्ष्मदर्शक, छायाचित्रं, नीट लिहिलेली वही आणि हात आवरण्याची शिस्त लागते.

ही शिस्त हाच या पेशाचा गाभा आहे, आणि तीच आपल्याला सर्वांत अवघड जाते. या शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीचं मोजमाप त्यानं काय केलं यावर जितकं, तितकंच त्यानं काय करायचं टाळलं यावर होतं. नमुना घ्यायचा तो आधीच सुटलेल्या कडेचा. लावायचं ते पुढच्याला काढता येईल असं. दुरुस्ती करायची ती जवळून पाहणाऱ्याला वेगळी ओळखता येईल अशी. आणि सगळं लिहून ठेवायचं, आपली चूक झाली तर ती पुढच्याला सापडावी म्हणून. चेक्कोनींची लाख आणि नंतरची राळ काढता आली ती काय लावलं होतं हे ठाऊक होतं म्हणून. गावच्या देवळावर गेल्या वर्षी कंत्राटदारानं काय फासलं, हे आज त्या गावात कुणाला ठाऊक आहे?

दुधाळ्याच्या वेधशाळेत हीच वृत्ती दुसऱ्या टोकाला दिसेल. तिथे प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान थरथर मोजायची आहे, आणि बहुतेक सगळी मेहनत आपला स्वतःचा गोंगाट त्या मोजमापात मिसळू नये यासाठी आहे. तालुक्यातल्या लोकांना त्या वेधशाळेचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. तो अभिमान औंढ्याच्या दगडापर्यंत, गावच्या पांढरीपर्यंत आणता आला तर विज्ञान इथे रुजलं असं म्हणता येईल. नाही तर ते फक्त इथे बांधलं गेलं असं होईल.

म्हणून एक साधा नेम सुचवतो. देवळाच्या विश्वस्तांपुढे, ग्रामसभेपुढे जीर्णोद्धाराचा किंवा रंगकामाचा ठराव आला की वर्गणी जाहीर करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. कोणता पदार्थ लावणार? पुढच्या पिढीला तो काढता येईल का? आणि लावण्याआधीच्या तपासणीचा अहवाल कुठे आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कंत्राटदार देईल. तिसऱ्याचं उत्तर कागदावर समोर येईपर्यंत काम सुरू होऊ देऊ नये.